जैववैद्यकीय कचरा : रुग्णालयीन विल्हेवाटीचे नियमन (भारत)

रुग्णतपासणी, उपचार, शस्त्रक्रिया, लसीकरण आणि रक्तसंकलन यांतून निघणाऱ्या, संसर्ग किंवा इजा करू शकणाऱ्या टाकाऊ पदार्थांची निरुपद्रवी विल्हेवाट लावण्याची भारतातील कायदेशीर व्यवस्था. दिल्लीच्या अस्वच्छतेसंबंधी बी. एल. वढेरा यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तेथील ५० वा अधिक खाटांच्या रुग्णालयांना दाहक भट्टी अथवा तितकीच परिणामकारक दुसरी तजवीज करण्याचा हुकूम दिला. पुढे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र शासनाने १९९८ मध्ये स्वतंत्र नियम जारी केले व २०१६ मध्ये त्यांच्या जागी अधिक व्यापक नियम आणले. लहान दवाखाने, रक्तपेढ्या, पशुचिकित्सालये आणि लसीकरणाची शिबिरेही आता त्यांच्या कक्षेत येतात.

कचरा जेथे उत्पन्न होतो तेथेच त्याची वर्गवारी करणे, या एका कृतीवर सारे नियमन उभे आहे. कापलेले अवयव, रक्ताने भिजलेला कापूस व मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या व हातमोजे यांसारखे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया व पाती न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात जावी, असा दंडक आहे. कारण पिवळ्याची वाट प्रायः भट्टीकडे जाते, तर लाल पिशवीतील वस्तू वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून कातरल्या जातात. क्लोरीनयुक्त प्लास्टिक चुकून पिवळ्या पिशवीत गेले तर ज्वलनातून डायॉक्सिन व फ्युरान ही अतिविषारी द्रव्ये संभवतात. सुई लाल पिशवीत राहिली तर ती ज्याच्या हाती रुतते तो बहुधा सफाई कामगार असतो. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस उष्णतेत वायू निदान दोन सेकंद राहावा, असे मान नियमांनी घालून दिले आहे. परंतु वॉर्डात झालेली हयगय निस्तरणे कोणत्याही भट्टीला साधत नाही. कातरण्याचा आग्रहही सकारण आहे : २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा येथे पसरलेल्या ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या साथीचा संबंध वापरलेल्या सिरिंजांच्या पुनर्वापराशी जोडला गेला.

अंमलबजावणी राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे, महाराष्ट्रात अर्थातच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आहे. ७५ किलोमीटरांच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असल्यास रुग्णालयाने स्वतःचे प्रक्रिया केंद्र उभारू नये, आणि अवयव व रक्तमिश्रित कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवू नये, असा सामान्य नियम आहे. कचरा हाताळणाऱ्यांना ‘ब’ कावीळ व धनुर्वात यांच्या लसी देणे आणि अपघातांची नोंद ठेवणे ही रुग्णालयाच्या ताबेदाराची जबाबदारी ठरविली आहे. नियमांतील हे कलम सर्वांत मानवी, आणि म्हणून दप्तरतपासणीत सर्वप्रथम पाहण्याजोगे होय.

सामायिक केंद्राची सोय नसलेल्या ग्रामीण वा दुर्गम भागांत परवानगीने खोल पुरण्यास मुभा आहे. त्यासाठी सुमारे दोन मीटर खोल खड्डा घेऊन तो निम्मा कचऱ्याने भरावा, पृष्ठभागापासून ५० सेंटिमीटरपर्यंत चुना घालावा व उरलेला भाग मातीने बुजवावा.