जिजामाता उद्यान
मुंबईच्या भायखळा भागातील एक ऐतिहासिक सार्वजनिक उद्यान. मूळ नाव ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’. स्वातंत्र्योत्तर काळात त्यास जिजामातेचे नाव देण्यात आले. ‘राणीची बाग’ हे लोकांच्या तोंडचे नाव मात्र टिकून आहे. क्षेत्रफळ सुमारे ५० एकर.

उद्यानाचे मूळ शिवडीस सापडते. तेथे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची वनस्पतिबाग होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेल्याने नव्या बागेची आखणी १८६१ मध्ये सुरू झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांस खुली झाली. त्याच दिवशी आवारातील वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसविण्यात आली. त्यासाठी जगन्नाथ शंकरशेट व भाऊ दाजी लाड यांनी पुढाकार घेतला होता. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयास १९७५ पासून भाऊ दाजींचे नाव आहे. १८७३ मध्ये बागेची व्यवस्था नगरपालिकेकडे आली.

देशोदेशींच्या वनस्पती लावून त्या येथील हवामानात कशा वाढतात हे पाहणे, हा अशा बागांचा एक हेतू असे. गोरखचिंच, कैलासपती, ब्रह्मदेशातील दुर्मिळ उर्वशी हे येथील वृक्ष त्याच परंपरेतील होत. उद्यानात तीन हजारांहून अधिक वृक्ष आहेत. प्राणिसंग्रहालयाची भर नंतर पडली. तथापि बहुसंख्य प्रेक्षक, विशेषतः मुले, येतात ती प्राण्यांसाठीच. २०१६ मध्ये आणलेले हंबोल्ट पेंग्विन शीतगृहवजा दालनात ठेवले असून ते २०१७ पासून पाहावयास मिळतात.

संग्रहालयालगतचा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते याच्यावरूनच. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो भंगला. पुढे त्याचे तुकडे येथे आणून जोडण्यात आले. १९६५ मध्ये ‘काळा घोडा’ हा अश्वारूढ पुतळाही याच आवारात आला. शहराने दृष्टीआड केलेल्या वस्तूंचा हा जणू आश्रयच झाला.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा नागरिकांनी व वनस्पतिप्रेमींनी तीस विरोध केला. पिंजरे आणि बांधकामे हलविता येतात, शतकभर वाढलेले वृक्ष हलविता येत नाहीत, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. प्राणी हे आकर्षण खरे. परंतु ज्यासाठी हे उद्यान आखले गेले, ती वनस्पतिसंपदा पाहण्यास पावसाळ्यानंतरची सकाळ विशेष अनुकूल असते.