मुंबईंतील सरकारी चाळी : भिंती आणि बिऱ्हाडें

पहाटे गिरणीचा भोंगा झाला कीं मुंबईचा कामगार उठून कामावर जाई. परंतु रात्रीं तो पाठ कोठें टेकीत असे, हा प्रश्न शहराच्या धुरीणांना पुष्कळ वर्षें पडलाच नव्हता. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या कापडगिरणीचा उपक्रम आरंभिला. पुढें गिरण्या वाढल्या तसतशी रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून माणसांची रीघ लागली. त्यांच्या निवाऱ्याची सोय मात्र घरमालकांच्या मर्जीवर सोपविलेली होती. अंधाऱ्या खोलींत दाटीवाटीनें संसार मांडावा, आणि उकाड्याच्या दिवसांत पुरुषमंडळींनीं व्हरांड्यांत नाहीं तर रस्त्याच्या कडेला पथारी टाकावी, अशी सर्वसाधारण वहिवाट होती.

ही वहिवाट मोडली ती प्लेगनें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यानें रोगाचें निदान केलें, आणि थोड्याच महिन्यांत लक्षावधि लोक शहर सोडून गेले. मजुरांवांचून गिरण्यांचीं चक्रें अडूं लागलीं. गरिबाच्या चाळींतील रोग श्रीमंताच्या बंगल्यापर्यंत पोंचतो, हें तेव्हां सर्वांस उमगलें. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो या भयापोटीं. ट्रस्टनें गलिच्छ वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, कांहीं चाळीहि बांधल्या. परंतु आरंभीच्या काळांत पाडापाडीच्या मानानें बांधकाम तोकडेंच पडलें. परळच्या ट्रस्टच्या चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कुटुंबानें अनेक वर्षें काढलीं, एवढ्या एका गोष्टीवरूनहि त्या घरांचें महत्त्व ध्यानांत येईल.

पहिल्या महायुद्धानंतर भाडीं भडकलीं आणि घरांची टंचाई असह्य झाली. तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीं १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नांवाचें स्वतंत्र खातें उभें केलें. समुद्र हटवून जमीन मिळवावयाची, तसेंच कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधावयाच्या, असा त्याचा संकल्प होता. पैशासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसविण्यांत आला. कापसावर श्रीमंत झालेल्या नगरीनें कापूस विणणाराच्या घराचा भार उचलावा, ही कल्पना न्यायाचीच म्हटली पाहिजे.

संकल्प मोठा होता; सिद्धि त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच झाली. वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२, अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजल्यासह चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. खोलीचें क्षेत्र सुमारें १६० चौरस फूट, मध्यें लांब बोळ, आणि शौचकूप सर्वांना मिळून. भिंती काँक्रीटच्या. मजबुतीच्या दृष्टीनें त्या निःसंशय उत्तम होत्या. पण उन्हाळ्यांत तापत, आणि आंत उजेडवारा बेताचाच.

नवल असें कीं, ज्या शहरांत माणसें रस्त्यावर निजत होतीं, त्याच शहरांत या सरकारी खोल्या वर्षानुवर्षें ओस पडल्या. विशेषतः वरळी त्या काळीं आडबाजूला. गिरणी दूर, बाजार दूर. शिवाय जुन्या चाळींत वाणी उधार देई आणि गांवचीं माणसें शेजारीं असत, तो आधारहि तेथें नव्हता. बांधकामाच्या खर्चाच्या मानानें भाडें कमी होतें खरें. परंतु गांवाकडे पैसे धाडून उरलेल्या पगारांत तेंहि कामगाराला जड जाई. घर कोठें हवें, केवढें हवें आणि काय भाड्यानें परवडेल, हे तीन प्रश्न त्याला कोणीं विचारलेच नव्हते. १९३० च्या सत्याग्रहांत तुरुंग भरले, तेव्हां वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यांत आला. कामगारासाठीं बांधलेल्या घरांत कैदी ठेवतां यावेत, हीच त्या योजनेवरील सर्वांत बोलकी टीका होय.

पुढें वस्ती पश्चिमेस सरकली, दुसऱ्या महायुद्धांत गिरण्यांना उसंत उरली नाहीं, आणि खोल्या भरल्या. सरकारनें नुसत्या भिंती दिल्या होत्या. बिऱ्हाडें लोकांनीं थाटलीं. एका गांवच्या मंडळींनीं मिळून एक खोली घ्यावी, नोकरीच्या शोधांत आलेल्या पोरानें तेथेंच उतरावें, असा प्रघात पडला. मधला बोळ ही सर्वांची ओसरी झाली. पटांगणांत व्यायामशाळा, भजनी मंडळें, गणेशोत्सव आणि आंबेडकर जयंती असे सोहळे सुरू झाले. मात्र या जीवनाचें एकरंगी चित्र काढणें योग्य होणार नाहीं. गांवाकडची जातिभेदाची भिंतहि माणसांबरोबर चाळींत शिरली होती, आणि १९७४ सालीं वरळींत उसळलेल्या दंगलीनें ती किती पक्की होती हें दाखविलें. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; गिरणीसाठीं बांधलेली चाळ गिरणीहून अधिक जगली.

आतां त्या चाळींचीहि पाळी आली आहे. २०१७ सालीं पुनर्विकासाचें भूमिपूजन झालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचें न्हाणीघर आणि स्वतःचा शौचकूप मिळण्यासाठीं ज्या गृहिणींनीं आयुष्यभर रांगा धरल्या, त्यांच्या आनंदाला उणें लेखण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. तरी उंच इमारतीचा रोजचा खर्च कोणीं सोसावा, आणि बंद दारांच्या त्या मजल्यांवर शेजार कसा टिकावा, हे प्रश्न आहेतच. शंभर वर्षांपूर्वीं बांधणारांनीं राहणाराला विचारलें नाहीं, त्याची किंमत ओस पडलेल्या खोल्यांनीं दिली. तेवढा धडा जरी ध्यानांत राहिला, तरी २०७ चाळींचा इतिहास वायां गेला असें म्हणावयास नको.