एका कॉलेजची दुर्बीण: पुण्यातून लेहपर्यंत

१९१२ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधली वीस इंची दुर्बीण उतरवून कोडाईकनालला पाठवण्यात आली. तिच्याएवढी मोठी दुर्बीण तेव्हा हिंदुस्थानात दुसरी नव्हती. ती मोडली नव्हती की निकामी झाली नव्हती. तिच्यामागचे प्राध्यापक निवृत्त झाले होते, इतकेच.

हे प्राध्यापक म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला. १८८२ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुढे नायगमवाला पुण्याला आले आणि १८८८ मध्ये तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली होती.

कॉलेजची वेधशाळा म्हणून तिला कमी लेखू नये. तेजोमेघांच्या वर्णपटातील एक हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे, असे नॉर्मन लॉकयर यांचे मत होते. लॉकयर म्हणजे त्या काळचे बडे प्रस्थ. नायगमवालांनी १८९१ मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे वेध घेऊन ती रेषा स्पष्ट, रेखीव असल्याचे दाखवले. लॉकयर यांच्या मताशी हे जुळत नव्हते. ती ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये कळले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध नायगमवालांनी जेऊरहून घेतले, तेव्हा अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तेथेच उतरले होते.

असे असूनही त्यांच्या निवृत्तीबरोबर वेधशाळाच बंद झाली. जागा भरायची सोडून दारच लावून घेण्याचा हा निर्णय पश्चिम भारतातील विद्यार्थ्यांना फार महागात पडला.

किती महागात, ते १९९९ मध्ये दिसले. एच.डी. २०९४५८ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने घटतो. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचे हे पहिले ज्ञात अधिक्रमण. ते टिपणाऱ्यांत डेव्हिड शार्बोनो हा हार्वर्डचा संशोधक विद्यार्थी होता आणि त्याची दुर्बीण होती अवघ्या दहा सेंटिमीटर व्यासाची! पुण्याची दुर्बीण तिच्या पाचपट रुंद होती. अर्थात १९१२ मध्ये प्रकाशातली एवढी बारीक घट मोजणारी साधने नव्हती. पण ती आली, तेव्हा पुण्याच्या कॉलेजात दुर्बीणच उरली नव्हती.

दुर्बिणीचा प्रवास मात्र कोडाईकनालला थांबला नाही. १९८४ मध्ये तिला थेट लेहला नेण्यात आले. लडाखचे आकाश वेधांना कितपत योग्य आहे, हे पाहायचे होते. त्याच लडाखमध्ये पुढे हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलीय वेधशाळा झाली.

२०१८ पासून हानलेला ७० सेंटिमीटर व्यासाची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण काम करते आहे. ती आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची. अचानक उजळणाऱ्या, झपाट्याने बदलणाऱ्या ज्योतींचा माग काढणे हे तिचे मुख्य काम. तिच्या वेधांवर काम करणारे विद्यार्थी असतात पवईत, जिथे रस्त्यांच्या दिव्यांमुळे डोळ्यांना मोजकेच तारे दिसतात.