चिखलातली बुलेट

बुलेट ही मुळात चिखलासाठी बनवलेली गाडी आहे, असं मी म्हणालो की गॅरेजवरची पोरं हसतात. त्यांच्या डोक्यात बुलेट म्हणजे साखर कारखान्याचा संचालक, फौजदार, नाहीतर पाटलाचा धाकटा. वेशीतून दुसऱ्या गिअरमध्ये धडधडत यायचं आणि टाकीवर धूळ बसली की खिशातून फडकं काढायचं. कराडच्या या बाजूला उभी हयात मी बुलेटच खोलत आलो. माझ्याकडं येणाऱ्या शंभरातल्या नव्वद गाड्यांनी आयुष्यात ओढा ओलांडलेला नसतो. पण या गाडीचा जो सांगाडा आपण ओळखतो, तो लोकांच्या नजरेला पहिल्यांदा पडला तो फेब्रुवारी १९४८ मध्ये, इंग्लंडातल्या ‘कोलमोर कप’ नावाच्या ट्रायलमध्ये. तिथं रस्ता नव्हता, नुसता राडा होता.

ट्रायल म्हणजे काय ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. मोटरसायकल नवी होती तेव्हा तिच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. पट्टा घसरायचा, प्लग काळा पडायचा, चढ आला की मालक उतरून ढकलायचा. मग क्लबांनी चाचण्या सुरू केल्या. ही शर्यत नव्हती. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं आणि वाटेतले चढ न थांबता चढायचे. चढावर एक माणूस वही घेऊन उभा. एडिनबरोच्या क्लबानं १९०९ साली अशी काही दिवस चालणारी चाचणी सुरू केली. तीच पुढं ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ झाली आणि ती आजही मे महिन्यात भरते. १९१३ साली कार्लाइलला आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल झाली. १९१४ साली यॉर्कशायरमध्ये आल्फ्रेड स्कॉट या मोटरसायकल कारखानदारानं स्वतःच्या कामगारांसाठी एक ट्रायल भरवली. तिच्यात वेळही मोजायचे आणि चुकाही. तीही अजून चालू आहे.

पुढं गंमत झाली. गाड्या सुधारल्या, त्यांना गिअर आले, क्लच आले, रस्त्यांवर डांबर पडलं. सगळेच सगळे चढ चढायला लागले, मग जिंकलं कोण हे ठरवायचं कसं? आयोजकांनी रस्ता सोडला. मेंढरांच्या पायवाटा, ओढ्याचं पात्र, शेवाळलेले धोंडे, झाडांच्या मुळांनी भरलेले उतार असं शोधून शोधून वाईट काढायला लागले. यंत्र जितकं चांगलं, तितकी वाट वाईट. डोंगरात गाडी घालायची हौस अशी सुरू झाली. कुणाला साहस करायचं होतं म्हणून नव्हे, तर चांगल्या रस्त्यावर परीक्षाच होईना म्हणून. १९२४ साली कॅम्बर्लीच्या माळावर काहींनी वहीवाला माणूसच काढून टाकला आणि नुसती वेळ मोजली. त्यातून आजचं मोटोक्रॉस आलं, ते वेगळं घराणं. मला स्वतःला त्यातलं फारसं गोड लागत नाही. हवेत उडणं बघायला बरं, पण गाडी काय करते ते कळत नाही.

आणि हा फक्त पुरुषांचा खेळ होता असंही नाही. १९२७ साली आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये मार्जरी कॉटल, लुई मॅक्लीन आणि ईडिथ फोली या तिघींच्या ब्रिटिश संघानं ‘सिल्व्हर व्हाज’ जिंकला. आमच्याकडं अजून पोरगी बुलेटवर दिसली की लोक मान वळवून बघतात.

ट्रायलमधल्या अवघड तुकड्याला सेक्शन म्हणतात. तो फार लांब नसतो. दोन खुणांच्या मधून शिरायचं, दोन खुणांच्या मधून बाहेर पडायचं आणि मधे जमिनीला पाय लावायचा नाही. एकदा पाय टेकला तर एक गुण, वरचेवर टेकले तर तीन, गाडी थांबली किंवा पडली तर पाच. ज्याचे गुण कमी तो वरचा. वेगाला किंमत नाही. माणूस चालतो त्याहून हळू गाडी जाते आणि स्वार फूटरेस्टवर उभा राहून अंगानं तोल धरतो. बघणाऱ्याला वाटतं, हे काय कौतुक! एकदा स्वतः चढून बघावं.

आम्ही ते करतो. वळवाचा पाऊस पडून गेला की एखाद्या रविवारी गॅरेजची पोरं आणि दोन-चार ओळखीचे गावाबाहेरच्या ओढ्यावर जातो. ओढा ज्याच्या रानातून जातो त्याला आधी विचारलेलं असतं. राखीव जंगलात आणि फुलांच्या पठारांवर गाडी घालायची नाही हा माझा दंडक आहे, तो मोडणाऱ्याचं कामही मी घेत नाही. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारून वाट आखायची. एका बाजूला धोंडे, मधे गुडघाभर डबकं, पुढं करलाची चढण आणि वर बाभळीचं मूळ. मागच्या चाकातली हवा इतकी कमी करायची की अंगठ्यानं टायर दबला पाहिजे, म्हणजे तो धोंड्यावर पसरून बसतो. वही धरायला कुणाचा तरी बाप असतो, कारण पोरं एकमेकांचे गुण लपवतात.

“टेकला! मेस्त्रीकाका, ह्याचा पाय टेकला!”

“टेकला न्हाई, काटा लागला म्हणून झटकला.”

“काटा बुटाला लागतोय व्हय रं?”

उन्हं वर येईपर्यंत हे चालतं. हलक्या नव्या गाड्यांवरची पोरं पहिल्यांदा ऐटीत येतात, ॲक्सिलरेटर पिळतात, चाक जागेवर गरगर फिरतं आणि करल त्यांना बाजूला सरकवून देतो. त्यांच्यामागून माझी जुनी ३५० ठोके मोजत निघते. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, म्हणजे पिस्टनचा प्रवास लांब. आत जड फ्लायव्हील. इंजिन हळू फिरतं तेव्हा एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत जो वेळ जातो, त्यात टायरला जमीन पुन्हा पकडायला सवड मिळते. फ्लायव्हील मधला वेळ ओढून नेतं, म्हणून गाडी बंद पडत नाही. ज्या ‘धग-धग’ला आपल्याकडं रुबाब म्हणतात, ती चिखलातली सोय आहे.

आता १९४८ कडं वळतो. रेडिच हे बर्मिंगहॅमच्या दक्षिणेचं गाव मुळात सुयांचं. रॉयल एनफिल्डची पाळंमुळंही सुयांच्या कारखान्यातच. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीनं सैन्याला गाड्या पुरवल्या. छत्रीधारी सैनिकांसोबत विमानातून टाकायची छोटी ‘फ्लाइंग फ्ली’सुद्धा यांचीच. युद्ध संपलं आणि नव्या गाडीचा विचार सुरू झाला. ‘बुलेट’ हे नाव १९३२ पासून होतं, पण नवी बुलेट वेगळी होती. तिच्या मागच्या चाकाला चिमटा होता, म्हणजे सांगाड्याला मागं पिनेवर टांगलेली आणि वरखाली हलणारी भुजा, आणि तिला दोन शॉकअप. ही कल्पना नवी नव्हती, शर्यतीच्या काही गाड्यांना असा चिमटा युद्धाआधीच होता. पण ट्रायलची गाडी म्हटली की तिचं मागचं चाक सांगाड्याला घट्ट बांधलेलं असायचं. जुन्या स्वारांचं म्हणणं असं, की स्प्रिंग लावली तर चाक उसळणार, आणि उसळलं की पकड गेली. सीटखाली स्प्रिंगा असत, तेवढं पुरे.

कोलमोर कपला कारखान्याचे स्वार चिमट्याच्या गाड्या घेऊन उतरले तेव्हा लोक बघत राहिले. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमोला आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल झाली. ब्रिटनच्या संघात दोन बुलेट होत्या, स्वार व्हिक ब्रिटन आणि चार्ली रॉजर्स. दोघांनाही सुवर्णपदक, संघाला ट्रॉफी. त्या ट्रायलमध्ये गाडीच्या मुख्य भागांना सुरुवातीलाच खुणा करून ठेवतात, मधे मोडलं तर बदलायची सोय नाही. सहा दिवस चिमटा टिकला याचा अर्थ जाहिरातीत लिहिण्यापलीकडचा होता. मगच ती गाडी बाजारात आली.

व्हिकचा मुलगा जॉनी ब्रिटन. १९५२ साली त्यानं साडेतीनशे बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली आणि १९५७ साली पुन्हा. फोर्ट विल्यमच्या आसपासचा तो डोंगराळ मुलूख, बेन नेव्हिसच्या अंगाखांद्यावरचे धोंडे, लॉख आयल्डची वाट, ओली दलदल आणि त्यातून दिवसभराचा पल्ला. फोटोत तो गाडीवर उभा दिसतो, गुडघे किंचित वाकलेले, नजर चाकाच्या बरीच पुढं. मी तो फोटो गॅरेजात लावला आहे. गिऱ्हाईक विचारतं, हा कोण? मी म्हणतो, आपल्या गाडीचा पहिला मेस्त्री.

त्याच १९५२ मध्ये मद्रास मोटर्सला भारतीय सैन्याकडून बुलेटची मागणी आली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला रेडिचहून गाड्या उतरल्या. सैन्याला रुबाब नको होता. सीमेवर रस्ता नाही तिथं हळू चालणारी, न तापणारी, हातोडी-पान्यावर दुरुस्त होणारी गाडी हवी होती, आणि तशी ती ट्रायलच्या चिखलात तयार झालेलीच होती. १९५५ साली एनफिल्ड इंडिया स्थापन झाली, मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. ज्यांच्याकडं मी काम शिकलो ते सैन्यातून निवृत्त झालेले मेस्त्री होते. ते किक मारायच्या आधी डिकॉम्प्रेशनची दांडी दाबून अँपिअरचा काटा मधोमध आणायचे आणि मगच पाय उचलायचे. टाचेनं न्यूट्रलची दांडी दाबायची सवयही त्यांचीच. ती दांडी लोकांना सिग्नलसाठी वाटते. चढणीवर गाडी अडकली, स्वाराचा तोल गेलेला, गिअर शोधायला वेळ नाही, तेव्हा तिची खरी किंमत कळते.

तिकडं मात्र चक्र फिरलं. सॅमी मिलर हा आयरिश स्वार वर्षानुवर्षं ५०० सीसीच्या एरिअलवर जिंकत होता. भोकं पाडून, जड भाग काढून त्यानं ती हलकी केली होती. १९६४ च्या शेवटी तो स्पेनच्या बुल्टाकोकडं गेला आणि तिथं त्यानं दोन स्ट्रोकची ‘शेर्पा’ तयार केली. वजन नव्वद-पंच्याण्णव किलोच्या आसपास. १९६५ ची स्कॉटिश ट्रायल त्यानं तिच्यावर जिंकली. दीडशे किलोच्या चार स्ट्रोक गाड्यांचं राज्य तिथं संपलं. रेडिचमध्ये बुलेट बनणं त्याआधीच, १९६२ साली थांबलं होतं. पुढं कारखानाही बंद पडला.

आपल्याकडं ती चालूच राहिली, तोच चिमटा, तेच ७० बाय ९०. १९७७ पासून मद्रासच्या गाड्या उलट इंग्लंडला विकायला जाऊ लागल्या. पण या सगळ्या वर्षांत आपल्या मुलखात खडकाळ वाटांवर रोज गाडी घालणारा माणूस बुलेटवाला नव्हता, हेही कबूल केलं पाहिजे. तो होता राजदूतवाला गवळी. एस्कॉर्ट्सची १७५ सीसी राजदूत, मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पाणंदीतला पावसाळी गाळ, उजाडायच्या आत डेअरी गाठायची घाई. पाय टेकला तर किटली कलंडणार आणि दूध सांडणार. त्याच्या वहीत चुकीला गुण नव्हते, पैसे कापले जायचे. माझ्या मते सातारा-सांगलीकडचे सगळ्यात चांगले ट्रायल स्वार हेच होते, आणि त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

२०१९ साली रॉयल एनफिल्डनं जॉनी ब्रिटनची आठवण म्हणून ‘बुलेट ट्रायल्स’ काढली. वर उचललेला सायलेन्सर, एकाच माणसाची सीट, मागं सामानाची जाळी, खाचांचे टायर. बाजारात ती फार दिवस राहिली नाही. इथल्या एका द्राक्ष बागायतदारानं मात्र घेतली. नवी कोरी गाडी घेऊन तो थेट गॅरेजवर आला आणि म्हणाला, “मेस्त्री, हे टायर लई आवाज करत्यात. साधे टाका.” मी फोटोकडं बोट दाखवून सगळं सांगायला सुरुवात केली. त्यानं चहा संपेपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, “बरं, साधे कधी टाकताय?”

टाकून दिले. काढलेले टायर त्याला नकोच होते. पुढचा १९ इंची, तो माझ्या ३५० ला लगेच बसला. मागचा १८ चा निघाला, त्यासाठी जुन्या बाजारातून रिम आणून पुन्हा स्पोक भरावे लागले.