परवलीचा शब्द आणि वेशीबाहेरचा माणूस

दाराआडून 'कोण आहे?' असे विचारणारा आणि बाहेरून 'मी' म्हणून उत्तर देणारा, या दोघांचा व्यवहार माणसाच्या वस्तीइतकाच जुना आहे. घरच्या माणसाला 'मी' एवढे एक अक्षर पुरते. आवाज ऐकूनच आई कडी काढते. पण वस्ती वाढली, गावाला वेस आली, वेशीला दरवाजा आला आणि दरवाजावर पहारेकरी बसला, तेव्हा नुसत्या 'मी'ने भागेनासे झाले. पहारेकऱ्याने कोणाकोणाचा आवाज ओळखावा? मग आपल्या माणसांनी आपसांत एक शब्द ठरवायचा आणि जो तो शब्द उच्चारील तो आपला समजायचा, अशी तोड निघाली. हाच परवलीचा शब्द. आजची मुले त्याला पासवर्ड म्हणतात. पहाऱ्यावर माणसाच्या जागी यंत्र आले, एवढाच काय तो फरक.

या शब्दाच्या जन्मापेक्षा मला त्याच्या मरणाचेच कुतूहल अधिक. काल चालणारा शब्द आज का चालत नाही? तो रद्द करायचा कोणी? आणि रद्द झाल्याची वार्ता वेशीबाहेर कामाला गेलेल्या माणसाला कळवायची कोणी? आमच्या वर्धा जिल्ह्यात घरी बसून पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांचे काम करणारी मुले आता गावोगाव दिसतात. त्यांच्या तोंडी हे प्रश्न ऐकल्यापासून मी त्यांचा इतिहास धुंडाळू लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला मुक्काम रोमन छावणीत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने या छावणीच्या शिस्तीचे मोठे बारकाईने वर्णन केले आहे. तेथला परवलीचा शब्द रोज बदलत असे. सूर्यास्ताच्या सुमारास छावणीच्या टोकाच्या तुकड्यांतून एकेक शिपाई सरदाराच्या तंबूपाशी येई आणि शब्द लिहिलेली लाकडी पाटी घेऊन आपल्या जागी परते. तेथून ती पाटी साक्षीदारांसमक्ष शेजारच्या तुकडीच्या नायकाच्या हाती जाई. अशा रीतीने हातोहात फिरत सगळ्या पाट्या अंधार पडण्यापूर्वी सरदाराकडे परत आल्याच पाहिजेत, असा दंडक होता. एखादी पाटी आली नाही, तर आलेल्या पाट्यांवरच्या खुणांवरून ती कोठे अडकली हे तत्काळ कळे आणि दोषी माणसाला शासन होई.

रोमनांनी शब्द रोज बदलला याचे आपण कौतुक करतो. हजारो शिपायांच्या कानी पडलेला शब्द दुसऱ्या दिवशी गुप्त कसा राहणार? म्हणून तो बदलणे भागच होते. पण खरे कौतुक त्या परत येणाऱ्या पाटीचे आहे. नवा शब्द प्रत्येकाला पोचला, याची खातरी झाल्यावाचून सरदाराचे काम संपत नसे. शब्द बदलणे ही अर्धी व्यवस्था. तो पोचवणे ही उरलेली अर्धी.

दुसरा मुक्काम आपल्याच दप्तरात. मराठेशाहीत दूरच्या माणसाची ओळख शिक्क्याने पटे. पत्राच्या आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे असत. लेखनाची सीमा येथे संपली, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, हा त्यातला इशारा. शिक्का रोज बदलत नसे, तसा तो अमरही नसे. पेशव्यांच्या मुद्रेत ज्यांच्या वतीने ते कारभार करीत त्या छत्रपतींचे नाव असे. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले, रामराजे गादीवर आले आणि पुढच्या मुद्रेत नव्या छत्रपतींचे नाव आले. म्हणजे शिक्का बदलला तो पंचांगात अमुक तिथी उगवली म्हणून नव्हे. बदलण्याजोगे काही घडले म्हणून.

रोमन पाटी आणि मराठी मुद्रा, दोन्हींच्या मागे कारण होते. कारणावाचून केवळ तारखेच्या हुकमाने शब्द मारण्याची रीत आली ती आपल्या यंत्रयुगात.

यंत्राशी परवलीचा शब्द जोडला गेला तो अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत. फर्नांडो कॉर्बातो यांच्या तुकडीने एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी योजना १९६१ च्या नोव्हेंबरात करून दाखवली. यंत्र एक आणि भागीदार अनेक. मग प्रत्येकाची चीजवस्तू निराळी राखायला प्रत्येकाला आपापला शब्द दिला. चोरीही लवकरच झाली. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेले तास अपुरे पडत. १९६२ साली त्याने एक छिद्रांकित पत्र यंत्रात सारले आणि सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली. ही गंमत त्याने पुढे पंचवीस वर्षे पोटात ठेवली होती म्हणतात!

असे शब्द चोरीला जाणार, तर ते मधूनमधून बदलावेत, हा विचार ओघानेच आला. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्याचा हिशेब मांडला. शब्द किती लांब, चोर मिनिटाला किती अटकळी बांधू शकतो, यावरून त्या शब्दाचे आयुष्य ठरवावे, असा तो हिशेब. पुढे २००३ मध्ये तेथील प्रमाणसंस्थेचे बिल बर यांनी एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्या आधारावर चिन्हे घाला, अंक घाला, ठरावीक दिवसांनी बदला, हे नियम कचेऱ्याकचेऱ्यांतून पसरले. हिशेब मागे पडला आणि 'नव्वद दिवस' एवढा मंत्र उरला.

कचेरीत बसणाऱ्याला या मंत्राचा जाच फारसा नव्हता. सकाळी यंत्र सुरू केले की ते म्हणे, 'तुमच्या शब्दाची मुदत संपली, नवा द्या.' तो दिला की काम सुरू. नाहीच जमले तर जिना उतरून यंत्रविभागातल्या माणसासमोर उभे राहावे. तो चेहरा ओळखी.

मग २०२० चा मार्च आला. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली आणि कचेऱ्यांनी आपली माणसे घरोघर पाठवली. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, समुद्रपूर अशा गावांकडची मुले लॅपटॉप काखेत मारून परतली. टाळेबंदी उठली तरी काहींचे काम घरूनच चालू राहिले. माझा भाचा त्यांतलाच. आर्वीजवळच्या आमच्या घरात, पूर्वी जेथे कापसाचे बोद रचलेले असत त्या खोलीत, त्याची कचेरी थाटली आहे. एका सोमवारी सकाळी तो कपाळाला हात लावून बसलेला दिसला.

"काय रे, लाइट गेली काय?" मी विचारले.

"लाइट आहे, मामा. माझाच शब्द गेला," तो म्हणाला.

त्याने समजावून सांगितले ते असे. लॅपटॉपला जुन्या शब्दाचा ठसा लक्षात असतो. त्यामुळे घरचे यंत्र जुन्याच शब्दाने उघडते. पण खरा पहारेकरी कचेरीतल्या मुख्य यंत्रात. तेथे शब्दाची मुदत शनिवारी रात्री संपलेली. नवा शब्द द्यायचा तर त्या यंत्रापर्यंत पोचले पाहिजे. पोचण्याची वाट म्हणजे व्हीपीएन नावाचा खाजगी बोगदा. आणि बोगद्याच्या तोंडाशी पहारेकरी विचारतो, चालू शब्द काय? लग्न झाल्यावाचून वेड जात नाही आणि वेड गेल्यावाचून लग्न होत नाही, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू याच प्रसंगासाठी करून ठेवली!

मुदत संपत आल्याची सूचना येते, नाही असे नाही. पण ती बहुधा कचेरीच्या तारेशी जोडलेल्या यंत्रावर दिसते, किंवा टपालपेटीत येऊन पडते; आणि शब्द मेला की टपालपेटीलाही कुलूप. भाच्याने मदतीचा दूरध्वनी फिरवला. पलीकडचा माणूस सौजन्याने म्हणाला, "आपली ओळख पटवण्यासाठी आपल्या कचेरीच्या पत्त्यावर एक अंक पाठवला आहे, तो वाचून दाखवा." दुपार टळली. त्या दिवसाची बिनपगारी रजा पडली. काम करायला माणूस तयार, यंत्र तयार, वीजही होती. अडले ते फक्त वेशीवर.

अशा वेळी माणसे काय करतात? येथे मला हिरकणीची आठवण होते. रायगडावर दूध घालायला आलेली ही गवळण. सूर्यास्ताला दरवाजे मिटले, खाली घरात तान्हे मूल. पहारेकऱ्याने नियम सांगितला; तो त्याचे काम करीत होता. तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. कथेचा उत्तरार्ध मात्र आपण पुरेसा ध्यानात घेत नाही. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला. बाई उतरू शकते तर शत्रू चढू शकतो, हे त्यांनी ओळखले. नियम मोडणाऱ्या आईने गडाची उणीव दाखवून दिली होती.

नव्वद दिवसांच्या नियमानेही घरोघरी हिरकणी निर्माण केल्या. कोणी शब्द कागदावर लिहून पडद्याला चिकटवतो. कोणी अडलेल्या सोबत्याला आपलाच शब्द सांगतो. बहुतेक जण जुन्याच शब्दापुढचा अंक एकाने वाढवतात. २०१० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी बंद झालेली दहा हजारांवर खाती तपासली. जुना शब्द ठाऊक असेल तर शंभरातल्या सुमारे सतरा खात्यांचा पुढचा शब्द पाच अटकळींच्या आत सापडतो, असे त्यांना आढळले. ज्या बदलाने गड राखायचा, त्यानेच कड्यावर पायवाट पाडली.

बुरूज बांधणारेही निघाले, उशिरा का होईना. २०१७ साली त्याच अमेरिकी प्रमाणसंस्थेने आपला उपदेश फिरवला: केवळ मुदत झाली म्हणून शब्द बदलायला लावू नये, तो फुटल्याचा पुरावा दिसला तर मात्र बदलायला लावावाच. त्याच वर्षी निवृत्त बिल बर यांनी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल मोकळ्या मनाने खेद व्यक्त केला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली आणि २०२५ च्या सुधारणेत प्रमाणसंस्थेने ती स्पष्टच निषिद्ध ठरवली. म्हणजे आपण फिरून मराठी मुद्रेच्या न्यायावर आलो: कारण घडले तर बदला, तिथी पाहून नव्हे. तरी पुष्कळ कचेऱ्यांच्या वेशीवर तो जुना मंत्र अजून जपला जातोच.

आता राहिला पोचवण्याचा अर्धा भाग. त्याचा धडा आमच्या जिल्ह्यातच पडून आहे. १९३६ च्या एप्रिलअखेर महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. देशाचे राजकारण दिल्लीत आणि मुंबईत. आणि ते चालवणारा माणूस मातीच्या कुटीत! दुरून काम करण्याचे याहून मोठे उदाहरण कोणते? अडचण आली ती पत्त्याची. बुलढाणा जिल्ह्यातले गजानन महाराजांचे शेगाव प्रसिद्ध. टपाल चुकून तिकडे जाऊ लागले. तेव्हा १९४० साली गावाचे नावच सेवाग्राम असे केले. आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना या माणसाशी बोलायची गरज पडे, म्हणून सरकारने आश्रमात दूरध्वनी बसवला. आश्रम पाहायला जाणाऱ्यांना तो अजून दाखवतात.

त्या दूरध्वनीपुढे उभे राहिले की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्या सत्तेला दूरच्या माणसाची खरोखर गरज होती, तिने तार त्याच्या दारापर्यंत आणली. खेड्यातून काम करणारा आमचा मुलगा गांधी नव्हे. पण त्याचे कामही कोणाला तरी हवे असते, म्हणून तर पगार मिळतो. मग तार त्याच्यापर्यंत न्यायची जबाबदारी कोणाची? मुदतीची सूचना त्याच्या भ्रमणध्वनीवर द्यावी. बोगद्याबाहेरही शब्द बदलायचे एक राखलेले दार ठेवावे. ओळख पटवायला कुलपाआडचा नव्हे, हाती असलेला पुरावा मागावा. या सोयी आज उपलब्ध आहेत आणि कित्येक ठिकाणी चालूही आहेत.

त्या होईपर्यंत घरच्या मुलांना भाच्याने अनुभवाने काढलेली रीत सांगून ठेवा. मुदतीच्या आठपंधरा दिवस आधी, बोगदा जोडलेला असतानाच शब्द बदलावा. मग जोडणी तशीच ठेवून लॅपटॉप एकवार कुलूप करून नव्या शब्दाने उघडावा, म्हणजे घरच्या यंत्रालाही तो कळतो. मदतीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावा. शब्द मात्र लावू नये!

दिवाळीत आपण दाराशी पणती लावतो ती घरातल्यांसाठी नव्हे; त्यांना वाट ठाऊकच असते. अंधारातून येणाऱ्याला दार दिसावे म्हणून ती लावायची. कुलूप भक्कम हवे, पहारेकरी जागा हवा, यात वाद नाही. पण रोमन सरदार पाटी परत येईपर्यंत जागा राही, हेही विसरू नये. वेशीबाहेरच्या आपल्या माणसाला आजचा शब्द पोचला की नाही, हे पाहणे पहाऱ्याचाच भाग आहे.