तापलेले चाक काय सांगते? (थ्रेड)

१/ रेल्वेच्या आसाचे टोक ज्या बेअरिंगमध्ये फिरते, ते बिघडले की घर्षण वाढते, धातू तापतो आणि अखेर आस तुटतो. हा दोष म्हणजे 'हॉट बॉक्स'. पूर्वी त्याचे निदान धूर आणि जळक्या तेलाच्या वासावरून होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळांलगत उष्णता मोजणारी यंत्रे आली.

२/ १० नोव्हेंबर १९७९, मिसिसॉगा, कॅनडा. १०६ डब्यांच्या मालगाडीतील ३३व्या डब्याचे जुन्या धाटणीचे बेअरिंग तापले आणि गाडी घसरली. प्रोपेनचे स्फोट झाले. क्लोरीनच्या धास्तीने दोन लाखांहून अधिक लोकांनी घरे सोडली. मृत्यू मात्र एकही झाला नाही.

३/ ३ फेब्रुवारी २०२३, ईस्ट पॅलेस्टाईन, अमेरिका. येथे यंत्रे होती. २३व्या डब्याच्या एका बेअरिंगचे तापमान हवेपेक्षा प्रथम ३८, मग १०३, शेवटी २५३ अंश फॅरनहाइटने अधिक भरले. गाडी थांबवण्याची मर्यादा १७० होती. म्हणून पहिल्या दोन नोंदींवर गाडीच्या चालकांना इशारा मिळाला नाही. पुढचे यंत्र सुमारे ३१ किलोमीटरवर होते. तिसऱ्या नोंदीवर इशारा मिळाला तेव्हा उशीर झाला होता. ३८ डबे घसरले.

४/ एकाच आसावरील दोन बेअरिंगमध्ये ११५ अंशांचा फरक दिसला, तरी गाडी थांबवावी, असाही नियम तेथे होता. त्यामागचे तत्त्व जुनेच आहे: उन्हात, उतारावर, ब्रेक लावल्यावर सारीच चाके तापतात. दोष ओळखायचा तो जोडीदाराशी तुलना करून.

५/ ईस्ट पॅलेस्टाईनने त्यात भर घातली: ३८वरून १०३ ही वाढ स्वतःच एक इशारा होती. मर्यादा ओलांडली की नाही एवढेच पाहणाऱ्या यंत्रणेला तो ऐकू आला नाही.