उभ्यानं खाल्लं की स्वस्त : इटलीतली टपरी आणि सुभेदारकाकांची भाकरी

परवा आपल्या गल्लीतल्या एकांनी विचारलं, "मुलगा-सून इटलीला चाललेत, तिथं परवडेल असं खायचं कुठं?" दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि हे एवढं लांबलं. बँकेतली सवय, मागचं खतावणीचं पान उघडल्याशिवाय आजची शिल्लक सांगता येत नाही.

आम्ही दोघं 2018 च्या ऑक्टोबरात गेलो होतो. टूर कंपनीचा आकडा पेन्शनला झेपणारा नव्हता, म्हणून आपलं आपण तिकीट काढून. सौ.ला मधुमेह, इन्शुलिन घेतल्यावर वेळेत पोटात काही जायलाच हवं, शिवाय पक्की शाकाहारी. आणि तिथली रीत अशी, की दुपारी अडीच-तीनला बहुतेक हॉटेलांची चूल बंद, ती संध्याकाळी सात-साडेसातलाच पेटणार. रोममध्ये दुसऱ्याच दिवशी पावणेतीन वाजले. हिनं इन्शुलिन घेतलेलं, हात थरथरायला लागलेले. समोर दिसेल त्या कॅफेत शिरलो, चौकाकडे तोंड करून मस्त खुर्च्यांवर बसलो. दोन कॉफ्या, दोन सँडविच. बिल 34 युरो! तेव्हा युरो साधारण 85 रुपयांचा. हिशेब तुम्हीच करा.

चूक माझीच. आत काउंटरमागे दरफलक लावलेला होता, दोन रकान्यांचा. एक 'बांको', म्हणजे काउंटरपाशी उभं राहून, दुसरा 'ताव्होलो', म्हणजे टेबलावर बसून. छत्तीस वर्षं रकाने तपासून पोट भरलं आणि नेमका हा बघितला नाही.

हे दोन रकाने आले कुठून? गोष्ट कॉफीच्या यंत्राची आहे. 1884 मध्ये तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोनं वाफेवर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं एकेक कप काढणारं यंत्र केलं आणि 1906 च्या मिलान प्रदर्शनात ते लोकांपुढे आलं. कामावर जाणारा माणूस मिनिटभर थांबणार, घोट घेणार, निघणार. बसायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत. 1911 मध्ये तिथल्या नगरपालिकांना गरजेच्या वस्तूंचे कमाल भाव ठरवण्याची मुभा मिळाली, त्यात ही उभ्यानं प्यायची कॉफीही आली. टेबलाची सेवा मात्र मालकाच्या मर्जीवर राहिली. म्हणून आम्ही गेलो तेव्हाही काउंटरवर कॉफी एक युरोच्या आसपास मिळायची. खुर्ची म्हणजे तिथं भाड्यानं घेतलेली जागाच समजा.

पण झटपट खाणं काही कॉफीपासून सुरू झालेलं नाही. नेपल्सहून लोकल गाडीनं पाँपेईला गेलो. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलेलं हे गाव. तिथं रस्त्यारस्त्यावर दगडी ओटे दिसतात, ओट्यात रांजण बसवलेले. त्यांना 'थर्मोपोलियम' म्हणतात. साध्या माणसाच्या खोलीत चूल नसायची, तो बाहेरच खायचा. एका ओट्यातल्या रांजणात जवळपास तीन किलो नाणी सापडली. गाइड पुढं गेला तरी मी तिथंच उभा. कुणीतरी गल्ला तसाच ठेवून पळालं असणार! सौ. म्हणाली, "अहो, चला आता, ती कॅश टॅली होणार नाही."

रोमच्या बादशहांना या टपऱ्यांचा जरा धाकच होता. तिथं माणसं जमतात आणि जमली की बोलतात. नीरोनं फर्मान काढलं की भाज्या आणि कडधान्यं सोडून शिजवलेलं काही विकायचं नाही. पुढं व्हेस्पेसियननं तर कडधान्यांवरच आणलं. म्हणजे फक्त उसळ. आमच्या सौ.ची सोय झाली असती.

नेपल्स हे मात्र खरं गरिबांच्या खाण्याचं शहर. सतराव्या शतकात तिथं गर्दी वाढली, मांस महाग झालं आणि पीठ मळायची, शेवया दाबून काढायची यंत्रं आली. तोवर पालेभाज्या खाणारे म्हणून ओळखले जाणारे नेपल्सकर शेवयांवर आले. रस्त्यात कढई, वर किसलेलं चीज, मान वर करून हातानंच तोंडात सोडायच्या. पिझ्झाही तसाच गरिबाचा. राणी मार्गेरिताची 1889 ची गोष्ट सगळे सांगतात, इतिहासकारांना ती फारशी पटत नाही, मीही सोडून देतो. मला भावली ती 'आज खा, आठ दिवसांनी पैसे दे' ही पद्धत. कागद नाही, जामीनदार नाही, तारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर भट्ट्या पडलेल्या, चीज परवडत नाही, तेव्हा बायका दारातच कढई ठेवून पिझ्झा तळायच्या आणि असा उधारीवर द्यायच्या. व्हित्तोरिओ दे सिकाच्या 1954 च्या चित्रपटात सोफिया लॉरेन असाच पिझ्झा विकते. आमच्या बँकेत एवढ्या भरवशावर कुणाला कर्ज दिलं असतं तर इन्स्पेक्शनला उभा राहिलो असतो.

रोममध्ये पुढं आमचं बस्तान 'पिझ्झा अल ताल्यो'वर बसलं. लांबट ताटातला पिझ्झा, कात्रीनं कापून वजनावर. भाव शंभर ग्रॅमचा, त्याला 'एत्तो' म्हणतात. दुपारी बंद होत नाही, हे आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावर 'नासोने' नावाचे लोखंडी नळ 1874 पासून वाहताहेत, पाणी गार आणि प्यायचं. फ्लोरेन्सला गाईच्या चौथ्या पोटाचा पाव हा मजुरांचा जुना नाश्ता, तिथं आम्ही लांबूनच हात जोडले आणि चीज घातलेली चपटी रोटी घेतली. पण नगरपालिकेनं त्याच महिन्यांत काही रस्त्यांवर जेवणाच्या वेळी फुटपाथवर, पायऱ्यांवर बसून खायला बंदी घातलेली, दंड 150 ते 500 युरो. उभ्यानं स्वस्त म्हणावं तर तिथंही जपूनच.

आता खरं सांगायचं ते. आपल्या शहापुरात आमच्या लहानपणी एक निवृत्त सुभेदार राहायचे. मराठा लाइट इन्फन्ट्री, इटलीत लढलेले. संध्याकाळी कट्ट्यावर आम्हा पोरांना सांगायचे, "तिकडं बी बायका आपल्यागत भाकरी भाजतात रे. मातीच्या तव्यावर." आम्ही हसायचो. साहेबाच्या मुलखात भाकरी? एकदा मी तोंडावरच म्हणालो, "काका, थापा मारू नका." ते काही बोलले नाहीत. पुढं इटलीचा विषय त्यांनी माझ्यासमोर काढला नाही. 1971 मध्ये ते गेले.

बोलोन्याहून फोर्लीला आगगाडीनं तासाभरात पोचलो. तिथं हिंदी सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे. सेनियो नदी त्याच टापूत. 9 एप्रिल 1945 ला तिच्या काठावर आपल्या पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना उचलून आणलं, एकट्यानं मशिनगनची ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याआधी जुलै 1944 मध्ये टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे गेले, त्यांनाही मरणोत्तर तोच सन्मान. दगडांवरची आडनावं वाचत आम्ही फिरलो. पवार, शिंदे, मोरे. आपल्या बेळगावच्या मतदारयादीतलं पानच.

बाहेर पडलो तोवर एक वाजून गेलेला. रस्त्याच्या कडेला पट्ट्यापट्ट्यांची एक टपरी दिसली. आत पन्नाशीची बाई पिठाचा गोळा लाटत होती. तव्यावर टाकली, काट्यानं टोचली, फिरवली. काळे डाग पडलेली, गरमागरम. 'पियादिना' म्हणतात तिला, रोमान्याच्या शेतकऱ्यांचं जुनं खाणं. मोन्तेतिफ्फी नावाच्या खेड्यात तिच्यासाठी मातीचे तवे अजून हातानं घडवतात. पिठात पूर्वापार डुकराची चरबी घालतात, म्हणून सौ.नं आधी दहा वेळा हातवारे करून विचारून घेतलं. ऑलिव्ह तेलाचीही मिळते. आत पालेभाजी आणि चीज, दोघांत आठ युरो, उभ्यानंच.

मी पहिला घास घेतला आणि पुढं खाववेना. सौ.ला वाटलं मलाच काही होतंय. मग तिला कट्ट्यावरची गोष्ट सांगितली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण ही गोष्ट कधी बोललो नव्हतो.

ती म्हणाली, "त्यांचा नातू आहे ना अजून शहापुरात?"

आहे. परतल्यावर पहिल्या रविवारी त्याच्याकडं गेलो, मोबाइलमधला तव्याचा फोटो दाखवला. त्यानं आतून काकांचं पलटणीतलं पाकीट आणून उघडलं. पदकं होती, एक इटालियन नोट होती आणि एक जुना फोटो. एका शेतघराच्या अंगणात काका उकिडवे बसलेले, शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी आणि मधे चुलीवर गोल तवा.